अंतर्देशीय वर्षावनाचा नकाशा: लायकेन मोजावीत की मॉस?

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, रेड सीडर आणि हेमलॉक या सूचिपर्णी झाडांची वर्षावनं आहेत. पावसाची कसर तिथे उशिरापर्यंत वितळणारा बर्फ भरून काढतो. यातला कुठला पट्टा आधी वाचवायचा हे सरकारी वननकाशावरून ठरत नाही, कारण २५० वर्षांपुढची सगळी जंगलं त्यात एकाच वर्गात टाकलेली असतात. वय काढायला खोडातली वलयं मोजावीत, तर जुने सीडर आतून पोकळ. लायडारमधून, म्हणजे विमानातून लेसर टाकून केलेल्या मोजणीतून, झाडांची उंची कळते, पण जंगल तिथे किती काळ अखंड उभं आहे ते कळत नाही.

म्हणून जंगल वाचवू पाहणाऱ्या संस्थेकडे पाहणीसाठी एकाच हंगामाचे पैसे असतील, तर माझं मत लायकेनला, म्हणजे बुरशी आणि तिच्यासोबत राहणारं शैवाल किंवा जीवाणू यांच्या जोडीला. (गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच.) त्यातही निळ्या-हिरव्या जीवाणूंसोबत राहणारी नेफ्रोमा, स्टिक्टा यांसारखी लायकेन शोधावीत. हिरव्या शैवालासोबतच्या लायकेनला नुसती दमट हवा पुरते, यांना मात्र द्रवरूप पाणीच लागतं. शिवाय ती हवेतला नायट्रोजन जंगलाला मिळवून देतात. नव्या जागी ती सावकाश पसरतात, त्यामुळे फांद्यांवर त्यांची दाटी दिसली की तिथलं ओलं, जुनं जंगल बराच काळ तुटलेलं नाही असं मानायला आधार मिळतो. शेंड्यावर चढायची गरज नाही. वादळानंतर खाली पडलेल्या फांद्या तपासल्या तरी वरचा बराच अंदाज येतो.

एक चकवा मात्र आहे. कॉटनवूड किंवा अ‍ॅस्पेनवरून ठिबकणाऱ्या पाण्यात कॅल्शियम असतं, त्यामुळे त्यांच्याखालच्या तरुण सूचिपर्णी झाडांवरही हीच लायकेन वाढतात. शेजारी कुठलं झाड आहे याचा रकाना नोंदवहीत नसेल, तर नकाशा फसतो.

मॉस, म्हणजे ओलाव्यात वाढणारी बुटकी, मऊ हिरवी वनस्पती, डोळ्यांत भरतं, पण निवड करताना फारसं उपयोगी पडत नाही. जमिनीवर गालिचा घालणारं पायऱ्यापायऱ्यांचं हायलोकोमियम उत्तरेच्या साध्या जंगलातही मुबलक असतं. बाकीच्या बऱ्याच जाती ओळखायला सूक्ष्मदर्शकाखाली पानाच्या पेशी बघाव्या लागतात, आणि तिथेच हंगाम संपतो. अपवाद कुजत्या ओंडक्यांचा. त्यांच्यावरची मॉस आणि लिव्हरवर्ट (मॉसच्याच नात्यातल्या बुटक्या वनस्पती) पडझडीचं लाकूड पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलंय का ते सांगतात, आणि ही माहिती फांद्यांवरची लायकेन देत नाहीत. प्रश्न जुनी वृक्षतोड झाली होती की नाही असा असेल, तर हा खर्च जरूर करावा. एरवी लायडारने जागा निवडून लायकेनवाल्याला आधी पाठवा.