स्वतःचे गार्ड की एजन्सीचे? राडा झाला तर कुणाच्या अंगावर येणार

एजन्सी लावली की आपण सुटलो, असं समजून एजन्सीकडे वळत असाल तर जरा थांबा.

पगारावर स्वतःचा गार्ड असला तर मामला सरळ असतो, ड्युटी करताना त्याने कुणाला ठोकलं तर बहुतेक वेळा मालक अडकतोच, आणि वर ट्रेनिंग दिलंच नव्हतं, आधीच्या तक्रारी दाबल्या होत्या असं निघालं तर तो मालकाचा स्वतःचा वेगळा निष्काळजीपणा. इंग्लंडमधली एक केस बघा, नाइटक्लबच्या बाउन्सरचं भांडण झालं, तो घरी गेला, चाकू घेऊन परत आला आणि एकाला भोसकलं. त्याच्याकडे लायसन्स नव्हतं आणि दमदाटी करायला मालकच त्याला चढवायचा, त्यामुळे 2003 मध्ये कोर्ट ऑफ अपीलने मालकालाच जबाबदार धरलं, मधे घरी जाऊन आला म्हणून काही सुटका झाली नाही.

आता एजन्सी. बदली माणूस लगेच मिळतो, ट्रेनिंग, इन्शुरन्स त्यांचा, कागदावर सगळं छान. पण त्याच कोर्टाचा 2006 चा निकाल वाचा, बाउन्सर एजन्सीचा, पगार एजन्सी देणार, पण त्याने कुठे उभं राहायचं, कुणाशी कसं वागायचं हे सगळं क्लबचा मॅनेजर सांगायचा, युनिफॉर्मही क्लबचा. त्याच्या एका बुक्कीने माणसाच्या मेंदूला कायमची इजा झाली आणि भरपाई क्लबवर आली. एजन्सी तोवर बुडालेली, म्हणजे करारात 'नुकसान आम्ही भरू' असं लिहून घेतलं असतं तरी वसूल कुणाकडून करणार?

त्यामुळे माझं मत, गेटवर रोज तुम्हीच हुकूम सोडणार असाल तर गार्डही स्वतःचेच ठेवा, निदान कुणाला कुठे उभं करायचं नाही हे तुम्हाला माहीत असतं. एजन्सी तेव्हाच घ्या जेव्हा त्यांचा सुपरवायझर खरंच जागेवर येतो, आणि सही करायच्या आधी इन्शुरन्सची पॉलिसी मागून मारहाणीचा क्लेम त्यात बसतो का ते वाचा, बऱ्याच पॉलिसीत तिथेच गोची असते.

ट्रेनिंगचं रजिस्टरही उघडायला लावा हां. वीस जणांच्या सह्या एकाच पेनने, एकाच वळणाच्या, आणि विषयाच्या रकान्यात नुसतं 'सुरक्षा' लिहिलेलं असेल तर समोरच्या वकिलाला फार कष्ट नाहीत. हात कधी लावायचा, कधी मागे सरायचं, पोलिसांना कधी बोलवायचं हे शिकवल्याची तारखेनिशी नोंद हवी, गार्ड तुमचा असो नाहीतर त्यांचा.