तीन बाइटचा आकडा: कुठे काय वापरावं

मडगावच्या एका मित्राची दुलपदं (गोव्यातली जलद लयीची कोकणी गाणी) होती: काही २४ बिटच्या, म्हणजे नमुन्याला ३ बाइटच्या, वेव्ह फायलीत (त्यात आवाजच साठवलेला असतो), काही मिडीत (त्यात फक्त सूर आणि लय लिहिलेली असते). दोन्ही एकाच पायथन प्रोग्रामने वाचायची. वेव्हमधल्या ३ बाइटच्या आकड्यात लहान वजनाचा बाइट आधी येतो, मिडीच्या टेम्पोत, म्हणजे लयीच्या आकड्यात, मोठा आधी.

टेम्पो होता हेक्समध्ये (१६ च्या पायात) ०७ ए१ २०, म्हणजे ५,००,००० मायक्रोसेकंदांचा एक ठोका, मिनिटाला १२०. मी तो उलटा वाचला आणि २१,३८,३७५ मिळाले. ठोके उरले २८. दुलपद मांडोपेक्षा, म्हणजे गोव्याच्याच संथ गाण्यापेक्षा, संथ! आणि एरर म्हणाल तर एकही नाही.

पायथनच्या 'स्ट्रक्ट'मध्ये (बाइट आणि आकडे यांची अदलाबदल करणारं मॉड्यूल) पूर्णांकांसाठी १, २, ४ आणि ८ बाइटचे साचे आहेत, ३चा नाही. म्हणून हेडर (फायलीच्या सुरुवातीची माहिती), टेम्पो अशा मोजक्या आकड्यांसाठी मी डोळे झाकून 'फ्रॉम_बाइट्स' घेतो; ते बाइटांचा आकडा करतं. ३ काय, ५ काय, ७ काय, त्याला सगळं सारखंच, आणि बाइटचा क्रम कोडमध्ये शब्दात लिहिलेला दिसतो. लिहिताना उलटं काम करणाऱ्या 'टू_बाइट्स'मध्ये आकडा मावला नाही तर ते सरळ एरर देतं. हाताने बिट सरकवून आणि मास्क लावून (हवे तेवढेच बिट ठेवून) लिहिलं, तर वरचे बिट गुपचूप गळतात. फक्त वाचताना 'साइन्ड' (आकडा ऋणही असू शकतो) खरं आहे हे सांगायला विसरू नका, नाहीतर -१ चे १,६७,७७,२१५ होतात.

आवाजाच्या नमुन्यांना मात्र हा मार्ग परवडत नाही. ४८,००० हर्ट्झ स्टीरिओच्या एका मिनिटात ५७,६०,००० नमुने, आणि प्रत्येकासाठी वेगळा कॉल! तिथे नमपाय, म्हणजे पायथनची आकड्यांचे गठ्ठे एकदम हाताळणारी लायब्ररी. ४ बाइटची रिकामी जागा घ्यायची, ३ बाइट वरच्या (मोठ्या वजनाच्या) टोकाला बसवायचे, तळाला शून्य. मग २५६ ने भागलं की चिन्हासकट बरोबर उत्तर. शून्य वरच्या टोकाला भरलंत तर ऋण आकडे धन होतात आणि स्पीकरमधून नुसती खरखर येते.

सी भाषेत वाचताना मात्र बिट सरकवणंच बरं; मशीन कुठलंही असो, उत्तर तेच. पॉइंटर कास्ट करून (त्या जागेला ४ बाइटचा आकडा मानून) ४ बाइट उचलणं सोपं दिसतं, पण चौथा बाइट शेजारच्या नमुन्याचा असतो, आणि शेवटच्या नमुन्यापाशी बफरच्याही बाहेरचा. नोडवाल्यांची (जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवणाऱ्यांची) चंगळ: त्यांच्या बफरला ६ बाइटपर्यंत कुठलीही रुंदी चालते.

काहीही निवडा, चाचणीला ० आणि -१ घेऊ नका. दोन्ही उलटे वाचले तरी तेच येतात. -२ घ्या.