‘तयार माल आम्हीच घेऊ’

2022 च्या श्रावणात बार्शीच्या एसटी स्टँडबाहेर एक पत्रक हातात पडलं. ‘बिनभांडवली घरगुती उद्योग. कापसाच्या वाती बनवा, तयार माल आम्हीच घेऊ.’ नवऱ्याचं काम सुटून पाच महिने झाले होते आणि मुलीची कॉलेजची फी तोंडावर आली होती. मी फोन केला.

पुण्यातल्या त्यांच्या ऑफिसात मी आणि माझी जाऊ दोघी गेलो. टेबलावर मशीन चालू होतं, शेजारी वातींचा ढीग. मशीनची किंमत 38 हजार. ‘मग बिनभांडवली कसं?’ असं मी विचारलंही. तिथला माणूस म्हणाला, ‘ताई, मशीनचे पैसे दोन महिन्यांत सुटतात, मग तुमचं घरचं काय गेलं?’ त्यानं कागदावर हिशेब मांडला. कापूस ते देणार 300 रुपये किलोनं, वाती घेणार 600 रुपये किलोनं. रोज तीन किलो धरले तर दिवसाला 900 रुपये सुटणार. ‘विकायचं टेन्शन तुम्ही घेऊच नका.’ हे ऐकून मला हायसं वाटलं होतं. त्या एका वाक्यानंच आमचा घात केला. माल बाजारात कोण घेतं, काय भावानं घेतं, ही चौकशी मी केलीच नाही.

पाटल्या गहाण टाकल्या, उरलेले पैसे बचत गटातून उचलले. 100 रुपयांच्या स्टॅम्पवर करार झाला. उद्यम नोंदणीचे, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे, म्हणून 2,500 रुपये वेगळे घेतले. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर आधार नंबर टाकून फुकट होते, हे मला फार उशिरा कळलं.

मशीन घरी आलं. कापसाचा प्रत्येक पुंजका हातानं लावावा लागे आणि वात वजनाला काहीच भरत नाही. आमच्या एका किलोत चार हजारांच्या आसपास वाती बसत. सकाळचा स्वयंपाक उरकून बसले तरी दिवेलागणीपर्यंत काटा सव्वा किलोच्या पुढे जाईना.

तरी पाच किलो पुरे करून पाठवले, आणि तिसऱ्या दिवशी खात्यात 3,000 रुपये आले. हे नीट वाचा. ते पैसे त्यांनी माझ्याच 38 हजारांतून मला दिले होते. पण तेव्हा मी तो मेसेज गटाच्या बैठकीत सगळ्यांना दाखवला. पंधरा दिवसांत माझ्या जावेनं आणि गल्लीतल्या एका मावशींनी मशीन घेतलं. मावशी एकट्या राहतात. त्यांनी दोन शेळ्या विकल्या आणि बाकीचं कर्ज काढलं, माझ्या शब्दावर.

तिघींनी मिळून 18 किलो माल पाठवला. आठ दिवसांनी फोन आला: वातीत गाठी आहेत, जाडी सारखी नाही, माल रिजेक्ट. करार काढून पाहिला. तिसऱ्या पानावर होतं, ‘गुणवत्तेनुसार माल स्वीकारण्याचा अथवा नाकारण्याचा अंतिम अधिकार कंपनीचा राहील.’ जाडी किती हवी, कोण मोजणार, नाकारलेल्या मालाचं काय, याबद्दल एक ओळ नव्हती. वर 6,000 रुपयांचा नवा रोलर बसवा म्हणाले. मावशींनी तोही घेतला. दिवाळीनंतर फोन बंद झाले. पुण्याला गेलो तर त्या गाळ्यात दुसरंच दुकान. वॉचमन म्हणाला, ‘रोज कुणी ना कुणी बाया येतात.’

परत आल्यावर मी भगवंत मंदिराजवळच्या पूजासाहित्याच्या दुकानात गेले. दुकानदारानं सांगितलं, त्याला ठोक वाती 400 रुपये किलोच्या आत घरपोच मिळतात. मग 600 नं घेऊन ही कंपनी विकणार कुणाला होती? त्यांची कमाई मशीनवरच होती. तसंच मशीन मला पुढे एका दुकानात 14 हजारांना दाखवलं. पावतीवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला तर भलत्याच व्यापाऱ्याचं नाव आलं. हे कुणालाही, लॉगिन न करता, मिनिटभरात पाहता येतं. पैसे देण्याआधी पाहा.

पोलीस ठाण्यात आधी सांगितलं, हा कराराचा वाद आहे. आम्ही लेखी अर्ज दिला आणि शिक्का मारलेली प्रत मागून घेतली. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. ‘धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही’ असं आम्हाला दोघा-तिघांनी सांगितलं होतं. ते अर्धवट आहे. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर 2019 च्या कायद्यानं तुम्ही ग्राहकच आहात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मात्र दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आमची तक्रार मुदतीत दाखल झाली, निकाल अजून नाही.

मधल्या काळात आणखी एक फोन आला. ‘नुकसान झालंय ना ताई, मुद्रा लोन करून देतो, फाइल चार्ज 2,100.’ माझं नुकसान झाल्याचं त्याला कुणी सांगितलं असेल, याचा विचार करा. मुद्रा कर्जासाठी कुठलेही दलाल नेमलेले नाहीत, अर्ज थेट बँकेत करायचा असतो. असे पैसे ऑनलाइन गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

गटाचा हप्ता मी शिवणकामातून भरते आहे. मावशींच्या हप्त्यातला निम्मा वाटाही मीच देते. त्यांनी मागितलेला नाही. वातीच्या मशीनची अशी पावती किंवा करार ज्यांच्याकडे असेल त्यांनी तो रागानं फाडून टाकू नका, बँकेचे आणि फोनवरचे मेसेजही पुसू नका. आमच्या तक्रारीत आज जो काही जोर आहे तो जावेनं डब्यात जपून ठेवलेल्या त्या कागदांचा आहे.