गच्चीवर गॅसचा ग्रिल की कोळशाची शेगडी?

आधी कोळसा, मग तीन वर्षं गॅस, आता पुन्हा कोळसा. त्यामुळं माझा कल कुठं आहे ते काही लपणार नाही.

चवीवरून मी भांडत नाही. कांदा-लसूण चटणी चोळून मटण रात्रभर मुरलं की निम्मं काम तिथंच झालेलं असतं. धुराचं म्हणाल तर गॅसवरही चरबी तापल्या पत्र्यावर पडून तो उठतोच. कोळशाचा वास वेगळा, मला आवडतो, एवढंच. सोयीला मात्र गॅस पुढं. दहा मिनिटांत जाळी तापते. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत अर्धा तास जातो, आणि कोल्हापूरच्या पावसात पोतं सादळलं तर पुठ्ठ्यानं वारा घालत बसा.

माझं बिनसलं ते दुसऱ्याच कारणानं. आमच्या घरी गटारी झाली की दसऱ्यापर्यंत गच्चीवर काही भाजत नाहीत. तोवर ग्रिल ताडपत्रीखाली. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाहुणे बोलावले, पेटवला, तर ज्योत पिवळी आणि लुळी, एक बर्नर तर पेटेचना. रेग्युलेटर बदलला, टाकी बदलली. जोडांना साबणाचा फेस लावला, कुठं बुडबुडा नाही. शेवटी बर्नरच उपसला, तर गॅसमध्ये हवा मिसळते त्या नळीत कोळ्याचं जाळं! नळी अशी तुंबली की गॅस उलटा येऊन बटणापाशी पेटू शकतो, हे नंतर कळलं आणि घाम फुटला. लांब ब्रश फिरवल्यावर ज्योत निळी झाली खरी, पण तोवर मटण खाली तव्यावर गेलं होतं. पुढच्या दसऱ्याला परत तेच.

शेगडीचं असलं काही दुखणं नाही. फार तर बूड गंजतं.

तरीही आठवड्याला भाजणारे असाल तर गॅस वाईट नाही, कोळ्याला तेवढी सवड मिळत नसावी. फक्त झाकण उघडून पेटवा. नाही पेटला तर बटण बंद करून पाच मिनिटं थांबा. हा गॅस हवेपेक्षा जड, पेटीत खाली साचतो.

माझा ग्रिल मी मेव्हण्याला दिला. त्याच्याकडं दर बुधवारी आणि रविवारी पेटतो. अजून तक्रार आलेली नाही.