जोंगा घ्यावी की डिस्पोजलची जिप्सी?

आर्मी डिस्पोजलची, म्हणजे फौजेने वापरून लिलावात काढलेली गाडी घ्यायची खाज एकदा सुटली की गाडी दारात आल्याशिवाय जात नाही, स्वतःवरून सांगतो. गेल्या दोन महिन्यांत तिघांनी तोच प्रश्न विचारला, फौजेची जुनी जीप जोंगा घेऊ की मारुतीची जिप्सी, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकतो. मी चार वर्षं जोंगा बाळगली आणि आता सहा वर्षं जिप्सी आहे, दोन्ही डिस्पोजलच्याच. ज्यांना शक्तिमान किंवा निसान वन टन घ्यायचाय त्यांना साष्टांग नमस्कार, ते प्रकरण वेगळं आहे, ट्रक घ्यायच्या आधी तो उभा करायला जागा घ्यावी लागते आणि शक्तिमानसाठी लायसनचं बघावं लागतं ते निराळंच.

जोंगाचं आकर्षण मला कळतं, उगाच नाकारत नाही. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन जोंगा झालं, मूळ सांगाडा निसान पॅट्रोलचा, 1969 पासून 1999 पर्यंत फौजेसाठी बनत होती. ते 3956 सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन सकाळी सुरू झालं की जो आवाज येतो ना, खर्जातला, त्यासाठीच निम्मे लोक घेतात आणि मीही त्यासाठीच घेतली. लो मधे, म्हणजे जास्त ताकदीच्या संथ गिअरमधे टाकून चिखलात सोडली की अॅक्सिलरेटरला पाय न लावता बैलासारखी चालत राहते. मला चार ते पाच किलोमीटर मिळायचे लिटरला, पण याची तक्रार करायची नाही असं मी मनाशी ठरवूनच घेतली होती, ज्याला अॅव्हरेज विचारायचंय त्याने हा नाद करू नये. स्टेअरिंग दगडासारखं, ब्रेक जरा विचार करून लागतात, तेही सवयीचं होतं. 2019 मधे धोनीने जोंगा घेतली तेव्हापासून विकणारे जरा जास्तच तोंड वासून बसलेत असं मला वाटतं, पण ते असो.

जिप्सीकडे बघून असं काही होत नाही खरं तर. सगळ्यांनी बघितलेली गाडी, पोलीस, वनखातं, रॅलीवाले, सगळ्यांकडे होती. हलकी, एक टनाच्या आतबाहेर, मागे बसणाऱ्याची कंबर स्प्रिंगच्या कडक पाट्यांमुळे कामातून जाते, मागचे ते आडवे बाक तर मी काढूनच टाकले. इंजिन 1.3 लिटरचं असलं तरी आरपीएम चढवल्याशिवाय हलत नाही, जोंगावरून उतरून जिप्सीत बसलात तर पहिले आठ दिवस वाटतं की हँडब्रेक लागलाय की काय. आणि पत्रा. कोकणातली किंवा किनाऱ्याच्या युनिटमधली असेल तर मॅट उचलून पायाखालचा पत्रा बघा, मी घेताना बघितला नाही आणि पहिल्या पावसात पायात मोजे भिजल्यावर बघितला.

आता ज्या एका गोष्टीने माझा निकाल लागला ती सांगतो. जोंगा गरम झाली की बंद करायची सोय नाही. चालू असताना ठीक, म्हणजे घाटात इंजिनला पेट्रोल पोचवणारा पंप गरम होऊन पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी आचके देत थांबायची ते होतंच, महाडहून वरंधा घाट चढताना एप्रिलमधे दुपारी दीड वाजता पंपावर ओलं फडकं टाकून चाळीस मिनिटं बसलोय, बायको, सासरे आणि मी, सासरे काही बोलले नाहीत हेच जास्त लागलं. त्यावर उपाय केले, पेट्रोलची नळी इंजिनच्या तापणाऱ्या मॅनिफोल्डपासून लांब फिरवली, टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला, घाटातलं थांबणं जवळपास गेलं. पण चहाला थांबून दहा मिनिटं इंजिन बंद केलं की खालच्या उष्णतेने कार्बोरेटरमधलंच, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळतात त्या भागातलंच पेट्रोल उकळायचं, मग स्टार्टर मार मार मारायचा, बॅटरी बसायची, आजूबाजूचे लोक धक्का द्यायला हौसेने यायचे आणि त्या वजनाला धक्का देताना त्यांची हौस फिटायची. शेवटी आमच्यात नियमच झाला की चहाला थांबलं तरी गाडी चालूच ठेवायची आणि कुणीतरी एकाने तिच्याजवळ उभं राहायचं. चार वर्षं मी बॉनेटजवळ उभं राहून चहा प्यायलोय, इतर लोक टेबलाशी गप्पा मारत असताना. मिस्त्री म्हणाला पेट्रोल काढून डिझेल इंजिन टाकू, सगळेच टाकतात. खरंय, टाकतात, पण आरसीवर पेट्रोल आणि आत भलतंच डिझेल असं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते, नाहीतर पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला आणि इन्शुरन्सच्या क्लेमला गाडी अडकते. आणि मुळात तो आवाज काढून टाकायचा असेल तर जोंगा घ्यायची कशाला?

कदाचित माझ्याच जोंगाचं नशीब खोटं असेल. एक मित्र आहे, त्याच्या जोंगाला हा त्रास नाही असं तो म्हणतो, मात्र तो ती दुपारी बाहेर काढत नाही.

जिप्सीत हे नाहीच. एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारी, 2000 नंतरची घेतलीत तर पंप टाकीत, नळीत प्रेशर, वाफ व्हायला वावच नाही. ताम्हिणीत, कसाऱ्यात, मे महिन्यात, कुठेही बंद करा, किल्ली फिरवा, सुरू. कार्बोरेटरवाली जुनी असेल तर मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही, ती मी वापरलेली नाही. ब्रेक पुढे डिस्क आहेत त्यामुळे उतारावर जीव भांड्यात असतो. सुट्या भागांचं तर काय बोलावं, जिप्सीचं सामान तालुक्याच्या गावातही मिळतं, जोंगाच्या एका गॅस्केटसाठी मी जबलपूरला माणूस शोधला होता आणि एकदा दिल्लीच्या मायापुरीतल्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून शाफ्टचा क्रॉस मागवला तर भलत्याच मापाचा आला.

दोन्हींना लागू असलेल्या गोष्टी झरझर सांगतो. लिलावात गाड्या बहुतेक लॉटने जातात, त्यामुळे तुम्ही घेणार ती डीलरकडूनच, तेव्हा आरसी तुमच्या आधी कुणाच्या नावावर झालीय का ते बघा, नुसत्या लिलावाच्या कागदांवर गाडी घेऊन नंतर पासिंग करू म्हणणाऱ्याची गाडी मी घेणार नाही. चॅसिस नंबर स्वतः घासून वाचा. आणि तो मिलिटरी हिरवा रंग ठेवता येत नाही, मोटार वाहन नियम 121 प्रमाणे तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना, माझी जिप्सी आता मातकट पिवळी आहे आणि बरी दिसते.

ज्यांचं मन जोंगावरच बसलंय त्यांना मी अडवत नाही, माझंही बसलं होतं. फक्त बघायला जाताना सकाळी जाऊ नका, विकणारा सकाळीच बोलावतो. दुपारी जा, वीस-पंचवीस मिनिटं चढावर चालवा, मग बंद करून दहा मिनिटं त्याच्याशी गप्पा मारा, भाव-बिव बोला, आणि मग किल्ली फिरवा. एका दमात सुरू झाली तर घ्या आणि मला पण एक फेरी मारू द्या.