सोलमधल्या खोलीचं डिपॉझिट नेमकं कुठे बुडतं

कोरियात विद्यापीठाजवळ खोली शोधताना जाहिरातीत ‘५००/५०’ असं दिसतं. आकडे ‘मान’चे, म्हणजे दहा हजारांच्या पटीत: ५० लाख वॉन डिपॉझिट आणि महिन्याला ५ लाख वॉन भाडं. फसलेल्या मुलांचं करारपत्र पाहिलं तर ते सहसा अस्सलच निघतं. घोळ असतो तो घर कुणाच्या नावावर आहे यात, नाहीतर तारखेत.

म्हणून सहीआधी घराचा ‘दुंगीबू’ पाहायचा. आपल्या सातबाऱ्याचाच हा कोरियन भाऊ. सुप्रीम कोर्टाच्या ऑनलाइन रजिस्ट्रीवर नुसता पाहायला ७०० वॉन लागतात, मालकाची परवानगी लागत नाही. पहिल्या भागात घराचं वर्णन, ‘गाप्गू’त मालकी, ‘उल्गू’त कर्जाचा बोजा. लाल रेघ मारलेली नोंद रद्द झालेली, बिनरेघेची जिवंत. उल्गूतला आकडा मूळ कर्जापेक्षा मोठा असतो, साधारण १२० ते १३० टक्के. कर्ज थकून घर लिलावात निघालं तर बँक तेवढ्यापर्यंत हात घालू शकते.

गाप्गूच्या शेवटच्या जिवंत नोंदीत ‘शिन्ताक’ हा शब्द दिसला तर पैसे खिशातच ठेवा. घर ट्रस्ट कंपनीच्या नावावर गेलेलं असतं. जुना मालक ओळखपत्र दाखवतो, चावी हातात देतो, आणि त्याचं नावही त्याच कागदावर वर सापडतं, म्हणून मुलं निर्धास्त होतात. पण ट्रस्ट कंपनीच्या लेखी संमतीशिवाय केलेला करार कंपनीवर बंधनकारक नसतो. ती सरळ घर रिकामं करायला सांगते.

कॅम्पसभोवतालच्या बऱ्याच इमारती ‘दागागू’ प्रकारच्या असतात: खोल्या अनेक, मालक एक, नोंद एक. आधीच्या भाडेकरूंची डिपॉझिटं दुंगीबूत दिसतच नाहीत, पण लिलावाच्या रांगेत ते तुमच्या पुढे उभे असू शकतात. २०२३ पासून ही माहिती आणि कर थकला नसल्याचा दाखला करारावेळी देणं मालकाला बंधनकारक आहे. टाळाटाळ झाली तर दुसरी खोली बघावी.

आता तारीख. ताबा घेऊन पत्ता नोंदवला तरी भाडेकरूचा हक्क त्या रात्री बारानंतर, म्हणजे दुसरा दिवस लागल्यावर सुरू होतो. बँकेचं तारण मात्र नोंदवलं त्या दिवसापासूनच. सकाळी तुम्ही पैसे भरता, दुपारी मालक कर्ज काढतो, आणि बँक तुमच्या पुढे जाते. डिपॉझिटची उरलेली रक्कम भरण्याच्या सकाळी दुंगीबू पुन्हा पाहा, आणि करारात खास अट घाला: रक्कम मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत नवं तारण ठेवणार नाही, ठेवल्यास करार रद्द आणि डिपॉझिट परत. पैसे फक्त मालकाच्या नावच्या खात्यात. ‘सीनियर’ची खोली परस्पर घेणं म्हणजे मालकाला ठाऊक नसलेला पोटभाडेकरू होणं.

परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत परदेशी नोंदणी आणि पत्ताबदलाची नोंद हीच पत्त्याची नोंद धरतात. नोंदणी कोरियात उतरल्यापासून ९० दिवसांत करायची असते. ऑफिसटेलचे (ऑफिस आणि राहणं दोन्हीला चालणाऱ्या खोल्यांचे) काही मालक म्हणतात, ‘पत्ता नोंदवू नका, भाडं कमी करतो.’ त्यांनी जागा धंद्यासाठी दाखवून व्हॅट परत घेतलेला असतो. तुमचं नुकसान त्याहून मोठं. सोलमध्ये १६.५ कोटी वॉनपर्यंतच्या डिपॉझिटवर ५.५ कोटींपर्यंतची रक्कम बँकेच्याही आधी मिळू शकते, पण लिलावाची नोंद होण्याआधी पत्ता नोंदलेला असेल तरच. तारण जुनं असेल तर त्या काळची कमी मर्यादा लागते.

शेवटची अडचण परतताना येते. मुदतीच्या दोन महिने आधी ‘सोडतोय’ असं, शक्यतो लेखी, कळवलं नाही तर करार आपोआप वाढतो, आणि मग नोटिशीनंतरही तीन महिने डिपॉझिट मिळत नाही. तिकीट काढलेलं असतं, व्हिसा संपत आलेला असतो आणि मालक म्हणतो, ‘नवा भाडेकरू आला की पाठवतो.’ मुदत संपूनही पैसे आले नाहीत तर कोर्टाकडून भाडेहक्क नोंदवण्याचा आदेश मागता येतो. ती नोंद दुंगीबूवर प्रत्यक्ष दिसेपर्यंत खोली सोडू नका आणि पत्ताही हलवू नका.