लातूरच्या लॅबमध्ये बोअरचं पाणी तपासलं, त्याचा अनुभव

पाचपैकी चार तारे.

लॅब खासगी, दोन खोल्यांची. मी गेलो ते ‘सगळं तपासा, आर्सेनिकसुद्धा’ म्हणतच. पावती फाडायच्या आधी मॅडमनी माझीच उलटतपासणी घेतली. बोअर किती खोल? शेजारी गोठा, उकिरडा, शौचखड्डा? युरिया किती टाकता? घरात बाटलीचं दूध पिणारं लेकरू आहे का? (आहे. लेक बाळंतपणाला आलीय.) मग म्हणाल्या, “काका, आर्सेनिक ही गंगेच्या गाळाकडची भानगड. आपला खडक काळा, बेसाल्ट. ते पैसे नायट्रेट (खतातून, गोठ्यातून पाण्यात उतरतं, तान्ह्या बाळाला घातक) आणि जंतूंवर घाला. फ्लोराइडही बघू, किनवटकडं ते सापडलेलं आहे.”

पटलं. यादीत काय घ्यायचं, यावर माणसं जगतात-मरतात. ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं १९९२ मध्ये बांगलादेशातलं भूजल तपासलं, पण आर्सेनिक यादीतच नव्हतं. शेजारच्या पश्चिम बंगालात तर ते १९८०च्या दशकातच उघड झालं होतं. बांगलादेशात लोक हापशाचं तेच विषारी पाणी पीत राहिले. सर्व्हेवरचा खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) गेला आणि २००६ मध्ये निकाली निघाला, तोही बाधितांच्या विरोधात.

म्हणून विचारलं, तुमची यादी कोण ठरवतं? मॅडम सरळ बोलल्या: थोडी सरकारी मानकावरून, थोडी गिऱ्हाइकाच्या खिशावरून, बाकी हाताशी यंत्र कोणतं त्यावरून. युरेनियम मोजायचं यंत्र त्यांच्याकडं नाही, नमुना बाहेर पाठवतात. हे तोंडावर सांगणारं दुकान विरळाच.

रिपोर्ट आला. जंतू नाहीत, फ्लोराइड ठीक, नायट्रेट मात्र लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या वर. आमच्या घरात ‘उकळून घेऊ की’ सुरू झालंच होतं. मॅडमनी फोनवर समजावलं, उकळल्यानं नायट्रेट जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. बाळाच्या दुधाला आता दुसरं पाणी.

एक तारा कापला तो बाटलीपायी. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लॅबमधूनच न्यायची, पाणी भरून बर्फात ठेवायचं आणि २४ तासांच्या आत पोचवायचं. आधी फोन केला तेव्हा हे कुणी सांगितलं नाही, एक हेलपाटा फुकट गेला. रिपोर्टही नुसता इंग्रजीत. पावसाळ्यानंतर आकडा बदलू शकतो म्हणाल्या, तेव्हा दिवाळीच्या आसपास पुन्हा नमुना देणार आहे. येताना तुमच्या बोअरची खोली आणि खताचा हिशोब लिहून आणा, काउंटरवर वेळ वाचतो.